समुद्री चाच्याच्या गावात

मायनस १९! मोबाइलवरचा आकडा बघून मी आधी मोबाइललाच दोष दिला. मग दार उघडून बाहेर पाऊल टाकलं आणि नाकातला श्वास जागच्या जागी गोठला. पुण्यात १२ डिग्रीला कपाटातून कानटोपी शोधणारी मी. मला कोणी सांगितलं होतं भर जानेवारीत मॉन्ट्रियलला यायला?

पण ऑनसाइटला नाही म्हणायचं नसतं, हे आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे. तर २०२३च्या जानेवारीत मी साडेतीन महिन्यांसाठी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलमध्ये दाखल झाले. राहायला प्लाटो नावाच्या भागात, एका तिमजली घरात खोली मिळाली. इथल्या जुन्या घरांचे जिने घराच्या बाहेर असतात. लोखंडी, गोल वळणारे, फोटोत एकदम झक्कास. त्यांवर बर्फ साचला की रोज सकाळी ऑफिसला निघणं म्हणजे निव्वळ सर्कस! वरच्या मजल्यावर कुणीतरी रोज संध्याकाळी पियानोचा रियाज करायचं. तेच तेच सूर, पुन्हा पुन्हा. सुरुवातीला वैताग आला, मग सवय झाली.

दुसऱ्याच रविवारी माँ-रॉयाल अव्हेन्यूवर हात शेकायला म्हणून एका कॅफेत घुसले. आत गाणं लागलं होतं. पियानो आणि एका मुलीचा आवाज, बाकी फारसं काही नाही. आवाज फार कमावलेला वगैरेही नाही. शेजारच्या खोलीत कुणी स्वतःशीच गातंय असा. मला एक शब्द कळला नाही. पण कॉफी संपली तरी उठावंसं वाटेना.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "कोण गातंय हे?"

"कर द पिरात," ती म्हणाली. आणि मला हे नाव माहीतच नाही हे कळल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण 'बाकरवडी म्हणजे काय हो?' असं पुण्यात येऊन विचारणाऱ्याकडे बघू.

माझ्याच वर्षाची मुलगी

कर द पिरात म्हणजे समुद्री चाच्याचं काळीज. ऐकून एखाद्या दाढीवाल्या रॉक बँडचं नाव वाटतं ना? पण हे एका मुलीने स्वतःसाठी घेतलेलं नाव आहे. तिचं खरं नाव बेआत्रीस मार्तां. जन्म मॉन्ट्रियलचाच, २२ सप्टेंबर १९८९.

१९८९! म्हणजे माझ्याच वर्षाची. झालं, मी त्या रात्री जागून तिच्याबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं. तिचा पहिला अल्बम सप्टेंबर २००८मध्ये आला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर. आणि २००८ म्हटल्यावर माझ्या पोटात जरा ढवळलंच.

कारण २००८मध्ये माझाही बँड होता. हसू नका! इंजिनिअरिंगचं सेकंड इयर, पाच जण, एक उधारीचा ड्रमसेट. आमचा कीबोर्डवाला मित्र मराठीत गाणी लिहायचा. वहीच्या मागच्या पानांवर, सबमिशनच्या आदल्या रात्री. चांगली असायची. एका इंटरकॉलेज स्पर्धेसाठी गाणं निवडायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःचं नवं गाणं ऐकवलं आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे, मराठीत कोण ऐकणार?" चार विरुद्ध एक. आम्ही हिंदी गाणं केलं. नंबर आला नाहीच. त्याने शांतपणे कीबोर्ड बॅगेत भरला आणि पुन्हा प्रॅक्टिसला आला नाही. वर्षभरात बँडही संपला.

बरोबर त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी याच प्रश्नाला वेगळं उत्तर देत होती. मग काय, मी ठरवलं की हे साडेतीन महिने तिचं गाव नीट बघायचं.

बोंजूर-हाय!

मॉन्ट्रियलमध्ये कुठल्याही दुकानात शिरा, तुमचं स्वागत 'बोंजूर-हाय' असं होतं. एका दमात दोन भाषा. तुम्ही 'बोंजूर' म्हणालात की फ्रेंच सुरू, 'हाय' म्हणालात की इंग्लिश. मला हे भारी सोयीचं वाटलं. पण इथे हा चक्क राजकारणाचा विषय आहे. २०१७मध्ये क्वेबेकच्या विधानसभेने एकमताने ठराव केला, की दुकानदारांनी नुसतं 'बोंजूर' म्हणावं. 'हाय' नको!

याच्यामागे मोठा इतिहास आहे. प्रांतात बहुसंख्य फ्रेंच बोलणारे. पण कित्येक वर्षं मॉन्ट्रियलमध्ये मोठ्या साहेबांची, बँकांची, बढतीची भाषा इंग्लिश. शेवटी १९७७मध्ये 'कायदा १०१' आला. पाट्या फ्रेंच, ऑफिसचं काम फ्रेंच, बाहेरून आलेल्यांच्या मुलांची शाळाही फ्रेंच. फ्रान्समध्येसुद्धा रस्त्यावरच्या लाल पाटीवर 'स्टॉप' असतं, इथे मात्र 'आरे' लिहिलेलं असतं. आपलं केएफसी इथे पीएफके होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं डुप्लिकेट आहे!

सॅं-लोरां नावाचा एक लांबलचक रस्ता शहराचे दोन भाग करतो. पूर्वापार समज असा, की त्याच्या पूर्वेला फ्रेंच आणि पश्चिमेला इंग्लिश. घरांचे नंबरही इथूनच दोन्ही बाजूंना सुरू होतात. आज सगळं सरमिसळ झालंय. पण याच रस्त्यावर संध्याकाळी चालत गेलात तर 'कासा देल पोपोलो' आणि समोरच 'साला रोसा' दिसतील. छोट्या जागा, शे-दोनशे माणसं, खांद्याला खांदा लावून गाणं ऐकायचं.

अशाच जागांमधून इथला इंडी सीन उभा राहिला. २००४मध्ये आर्केड फायर या मॉन्ट्रियलच्या बँडचा 'फ्युनरल' अल्बम आला आणि जगाचं लक्ष या शहराकडे वळलं. अमेरिकेतली मोठी मासिकं आणि पेपर इथे येऊन लेख लिहायला लागले. गंमत बघा, ही सगळी गाजणारी गाणी होती इंग्लिशमध्ये. म्हणजे २००७-०८मध्ये मॉन्ट्रियलच्या एखाद्या अठरा वर्षांच्या मुलीला गाणं लिहायचं असेल, तर हवा कुठल्या दिशेने वाहत होती ते उघड होतं.

हार्डकोर ते पियानो

बेआत्रीसची तयारी लहानपणापासूनची. तीन वर्षांची असताना पियानोवर बोटं ठेवली, नवव्या वर्षी मॉन्ट्रियलच्या सरकारी संगीत विद्यालयात, कॉन्सर्व्हात्वारमध्ये दाखल झाली आणि पाच वर्षं तिथे शिकली. हे विद्यालय आता प्लाटोमध्येच आहे, माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका शनिवारी मी मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिले. पाठीवर स्वतःपेक्षा मोठी चेलोची पेटी घेतलेली एक चिमुरडी बर्फातून धडपडत आत गेली. तिची आई मागून ओरडत होती, काय ते कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता. आपल्याकडे शनिवारी गाण्याच्या क्लासला सोडणाऱ्या आया याच पट्टीत ओरडतात.

आता अशा शिस्तीतून आलेली मुलगी पुढे काय करेल? पंधराव्या वर्षी ती डिसेंबर स्ट्राइक्स फर्स्ट नावाच्या पोस्ट-हार्डकोर बँडमध्ये कीबोर्ड वाजवायला लागली! पोस्ट-हार्डकोर म्हणजे ज्यात गाण्यापेक्षा किंचाळणं जास्त. मग २००७मध्ये बोंजूर ब्रुमेर नावाचा दुसरा बँड. तिथेही कीबोर्डच. मागे उभं राहून दुसऱ्याच्या गाण्याला साथ करायची.

आणि मग ती एकटी पियानोसमोर बसली आणि स्वतःची गाणी लिहिली. फ्रेंचमध्ये.

हे मला कळायला जरा वेळ लागला, म्हणून थोडं सविस्तर सांगते. फ्रेंचमध्ये शब्दाला महत्त्व देणाऱ्या गाण्याला 'शांसों' म्हणतात. आपल्या भावगीताचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. तिच्या पिढीच्या दृष्टीने ते आई-बाबांचं गाणं. रविवारी दुपारी जेवणानंतर लागणारं. अंगावर टॅटू, हार्डकोर बँडमधून आलेली मुलगी तेच आई-बाबांचं गाणं घेते आणि त्यात स्वतःची भांडणं, स्वतःचे ब्रेकअप, स्वतःची विशीतली तडफड भरते. जुनं भांडं, आत ताजी भाजी!

ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर एक अस्सल मॉन्ट्रियलकर बाई होत्या. वयाने चाळिशीच्या, स्वभावाने फटकळ. मी त्यांना दुपारच्या सुट्टीत एकेक गाणं समजावून द्यायला लावायची. 'कॉम देझांफां', म्हणजे 'लहान मुलांसारखं', हे गाणं मला एकदम गोड, उड्या मारणारं वाटलं होतं. बाई म्हणाल्या, "गोड? नीट ऐक. प्रेम तुटल्यावर लिहिलंय." 'पूर अँफिदेल' हे द्वंद्वगीत तर सरळ 'एका बेइमानासाठी' आहे. अल्बममधल्या एका गाण्याचं नाव 'आयुष्य दुसरीकडेच आहे'. ते ऐकून मी म्हटलं, अहो, हे तर ऑनसाइटवाल्यांचं राष्ट्रगीत व्हायला हवं! बाई पहिल्यांदाच खळखळून हसल्या.

मायस्पेस आणि एक रांगतं बाळ

तो काळ आठवतो? आपण ऑर्कुटवर एकमेकांना टेस्टिमोनियल लिहीत होतो. तिकडे गाणारी मुलं मायस्पेसवर गाणी टाकत होती. हिनेही टाकली. एका छोट्या स्वतंत्र लेबलच्या कानावर ती पडली. डेअर टू केअर हे लेबलचं नाव, आणि त्याच्या फ्रेंच गाण्यांच्या शाखेचं ग्रोस ब्वात. सप्टेंबर २००८मध्ये अल्बम बाहेर आला. बारा गाणी, जेमतेम अर्ध्या तासाचा ऐवज. मोठा ऑर्केस्ट्रा नाही, चकचकीत व्हिडिओ नाही.

मग एक भन्नाट योगायोग झाला. क्वेबेक शहरातल्या एका फोटोग्राफरने आपल्या बाळाचा व्हिडिओ केला. बैठकीच्या खोलीत बाळ दिवसभर खेळतंय, रांगतंय, पसारा घालतंय, आणि ते सगळं फास्ट फॉरवर्ड होऊन दोनेक मिनिटांत दिसतंय. पार्श्वसंगीत म्हणून त्याने तिचं 'आँसांब्ल', म्हणजे 'सोबत', हे गाणं लावलं. व्हिडिओ यूट्यूबवर तुफान पसरला, अमेरिकेच्या 'गुड मॉर्निंग अमेरिका' कार्यक्रमापर्यंत पोहोचला. आणि जगभरातले लोक विचारायला लागले, बाळ ठीक आहे हो, पण गातंय कोण?

माझ्यासारखंच. शब्द कळला नाही, पण गाणं पोहोचलं.

२००९मध्ये कॅनडाच्या जुनो पुरस्कारांत फ्रेंच अल्बमच्या विभागात तिचं नामांकन झालं. त्याच वर्षी क्वेबेकच्या संगीतक्षेत्राचा मानाचा फेलिक्स पुरस्कार तिला नवोदित कलाकार म्हणून मिळाला. आणि मार्च २०१०मध्ये थेट पॅरिस. फ्रान्सचे सर्वात मोठे संगीत पुरस्कार, व्हिक्त्वार द ला म्युझिक. त्यात 'कॉम देझांफां' ठरलं वर्षातलं सर्वोत्तम नवं गाणं. वय वर्षं वीस!

याचं महत्त्व त्या शेजारच्या बाईंनी मला सांगितलं. पॅरिसवाले क्वेबेकच्या बोलीला हसतात. इथल्या सिनेमांना तिकडे कधीकधी सबटायटल्स लावतात, फ्रेंच सिनेमाला फ्रेंच सबटायटल्स! आपल्याकडे पुण्यातल्या काही मंडळींना वऱ्हाडी ऐकून 'अय्या, किती गोड' वाटतं ना, तसं. त्या पॅरिसमध्ये जाऊन गाण्यासाठी पुरस्कार घेणं म्हणजे काय, ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

पासष्ट टक्के

एक दिवस मी बाईंना म्हटलं, "तुमचं बरं आहे. तुमच्याकडे कायदाच आहे." खरंच आहे. कॅनडातल्या फ्रेंच रेडिओ स्टेशनांना आठवड्यात वाजवलेल्या लोकप्रिय गाण्यांपैकी ६५ टक्के गाणी फ्रेंच ठेवावी लागतात. शिवाय सरकारी मदत, अनुदानं. मला आपलं एफएम आठवलं. मुंबई-पुण्यात मराठी गाणी लावा म्हणून किती वर्षं ओरडा करावा लागला!

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "कायद्याने रेडिओवर जागा मिळते. ती भरण्यासाठी कुणीतरी चांगलं गाणं लिहावं लागतं ना? मी लहान असताना पण कायदा होताच. आम्ही काय करायचो? रेडिओ बंद करून अमेरिकन गाणी ऐकायचो. माझी मुलगी आता फ्रेंच गाणी स्वतःहून ऐकते. कायदा तोच आहे. गाणी बदलली."

मग त्यांनी सहज विचारलं, "तुझी भाषा बोलणारे किती लोक आहेत?"

मी शोधून सांगितलं. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. अख्ख्या क्वेबेक प्रांताची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत होती ८५ लाख. म्हणजे आपण त्यांच्या जवळपास दहापट!

"आणि तुम्ही म्हणता कोण ऐकणार?" एवढंच म्हणून त्या मीटिंगला निघून गेल्या. बँडचा किस्सा मीच त्यांना सांगितला होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

अंधारातला पियानो

५ एप्रिल २०२३. थंडी सरली म्हणून मी जाड जॅकेट बॅगेत भरून टाकलं होतं आणि त्याच दिवशी आकाशातून बर्फ नाही, गोठणारा पाऊस पडला. झाडाच्या प्रत्येक काडीवर काचेचं वेष्टण. दिसायला स्वर्ग! मग फांद्या मोडायला लागल्या, तारांवर पडायला लागल्या आणि क्वेबेकमधल्या दहा लाखांहून जास्त घरांची वीज गेली. आमच्या गल्लीचीही.

खोलीत अंधार, हीटर बंद, मोबाइलची बॅटरी १४ टक्के. जॅकेट पुन्हा बाहेर. आणि नऊच्या सुमारास वरच्या मजल्यावर पियानो सुरू झाला. पियानोला कुठे वीज लागते? नेहमीचा रियाज नव्हता, या वेळी पूर्ण गाणं होतं. पहिल्या काही सुरांतच मी ओळखलं. 'कॉम देझांफां'. वाजवणारं चुकत होतं, थांबत होतं, पुन्हा सुरू करत होतं. पंधरा वर्षांपूर्वी एका मुलीने आपल्या भाषेत लिहिलेलं गाणं, आणि वरचं ते मूल कदाचित तेव्हा जन्मलंही नसेल.

मी घड्याळ बघितलं. इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे पुण्यात सकाळचे सात. बॅटरी ११ टक्के. फोन लावला.

"अगं, तू? सकाळी सकाळी? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. लाइट गेलेत. ऐक, तुला आठवतं, मी एकदा म्हटलं होतं, मराठीत कोण ऐकणार..."

पलीकडे जरा शांतता. "आठवतं की."

"मी चुकले होते रे."

तो हसला. "पंधरा वर्षं लागली तुला?" मग थोडं थांबून, "कीबोर्ड भाच्याला देऊन टाकला. वही आहे."

पुढे काही बोलायच्या आत मीच फोन ठेवला. बॅटरीचं निमित्त होतं. खरं सांगायचं तर गळा दाटून आला होता.

तीन दिवसांनी, वीज आल्यावर, त्याचा व्हॉइस नोट आला. बायकोच्या नातेवाइकांकडून आणलेल्या हार्मोनियमवर तेच गाणं, जे आम्ही चार विरुद्ध एक मतांनी पाडलं होतं. मागे कुकरची शिट्टी. आवाज बसलेला. मी ते ऑफिसला जाताना मेट्रोत ऐकलं. इथल्या मेट्रोचे दरवाजे बंद होताना तीन सुरांची एक छोटीशी धून वाजते, ती नेमकी त्याच्या दुसऱ्या कडव्यात घुसली. तरी चाललं.

बेआत्रीसने पुढे काय केलं? २०१५मध्ये तिने इंग्लिश गाणीही केली, मग पुन्हा फ्रेंचकडे वळली. २०२१मध्ये तिच्या स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तिने शब्दांशिवाय, नुसत्या पियानोचा अल्बम काढला. आणि त्याच वर्षी ते लेबलच विकत घेतलं, ज्याने तिचा पहिला अल्बम काढला होता. आता त्याचं नाव ब्राव्हो म्युझिक.

आमच्या बँडचं काय? काही नाही. पाच जण चार शहरांत, दोन टाइम झोनमध्ये. पण दर महिन्याला एक व्हॉइस नोट येतो. कॅफेतल्या त्या पहिल्या गाण्याचा मला एक शब्द कळला नव्हता. याचा प्रत्येक शब्द कळतो. म्हणून मी ते हेडफोन लावून, एकटीनेच ऐकते.

जाणार असाल तर...

कधी: बर्फ बघायची हौस असेल तर जानेवारी-फेब्रुवारी, पण थर्मल आणि चांगले बूट हवेतच. गाण्यासाठी जायचं तर जून. फ्रेंच गाण्यांचा 'फ्रांको' महोत्सव १९८९पासून भरतो, मोकळ्या चौकातले अनेक कार्यक्रम फुकट असतात.

कुठे फिराल: मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर माँ-रॉयाल स्टेशनला उतरा आणि पायी चाला. माइल एंड भागात सॅं-व्हियातर किंवा फेअरमाउंटचा बेगल खा. मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात. गरमच खायचा!

काय ऐकाल: तिचा पहिला अल्बम. अर्धा तासच तर आहे. ऑफिसच्या बसमध्ये हडपसर येईपर्यंत संपतो.